रजिस्ट्रार ग्राहक सोडू शकतो, नाव अडवून ठेवू शकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेचं डॉट ऑर्ग डोमेन पूर्वीपासून एकाच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नावांची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे, आहे. त्यांना अचानक ईमेल आला : '१४ दिवसांत तुमचं खातं बंद करत आहोत, तोवर डोमेन दुसरीकडे हलवा.' कारण म्हणून सेवाअटींतल्या एका कलमाचा क्रमांक दिलाय, बाकी काही नाही. नोंदणीची ३ वर्षं अजून शिल्लक आहेत. संस्थेने तीन गोष्टी विचारल्या आहेत. असं करण्याचा अधिकार रजिस्ट्रारला आहे का? आधीच भरलेल्या पैशांचं काय? आणि १४ दिवसांत जमलं नाही तर नाव कायमचं हातचं जाईल का?

मी बरीच वर्षं रजिस्ट्रारच्या बाजूने गैरवापराच्या तक्रारी आणि नियमपालन हे काम केलं आहे. अशा नोटिसा लिहिल्या आहेत, आणि पुढे ग्राहकांच्या वतीने अशा नोटिसांना उत्तरंही दिली आहेत. म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, अधिकार आहे. रजिस्ट्रार ही खासगी कंपनी असते आणि तुमचं तिच्याशी नातं कराराचं असतं. जवळजवळ प्रत्येक नोंदणी करारात सेवा थांबवण्याचं कलम असतं आणि ते बहुधा रजिस्ट्रारला भरपूर मोकळीक देणारं असतं. रजिस्ट्रारना मान्यता देणारी आयकॅन ही संस्था त्याला 'हा ग्राहक ठेवच' असं सांगू शकत नाही. वेबसाइटवर काय लिहिलंय, ते चांगलं की वाईट, हे ठरवणं आपलं काम नाही, असं आयकॅनच्या उपविधींतच आहे. त्यामुळे 'आमची बाजू खरी आहे, आयकॅन न्याय देईल' या आशेवर दिवस घालवू नका. स्थानिक ग्राहक कायदा किंवा भेदभावविरोधी कायदा लागू होत असेल तर तो मार्ग वेगळा. त्यासाठी वकील लागेल आणि १४ दिवसांत त्यातून काही हाती येणं अवघड आहे.

पण ग्राहकाला निरोप देणं आणि त्याचं नाव अडवून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा रजिस्ट्रारला अधिकार आहे, दुसरीचा नाही. या क्षेत्रातले बहुतेक तंटे ही रेघ पुसली गेल्यामुळे होतात, आणि पुसणारे दोन्हीकडे असतात. ग्राहकाला वाटतं की डोमेन 'विकत घेतलंय', तेव्हा कोणी हात लावू शकत नाही. रजिस्ट्रारच्या बिलिंग विभागाला वाटतं की खातं बंद म्हणजे खात्यातलं सगळंच आपल्या मर्जीवर.

डोमेन नक्की कोणाचं, यावर न्यायालयांतही एकमत झालेलं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली 'अंब्रो' खटल्यात डोमेन म्हणजे सेवेच्या करारातून मिळणारा हक्क असं धरलं. उलट २००३ साली तिथल्याच नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सेक्स डॉट कॉमच्या प्रकरणात ते मालमत्तेसारखं धरलं. एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून ते डोमेन दुसऱ्याच्या नावावर केलं गेलं होतं, आणि त्याबद्दल रजिस्ट्रारवर जबाबदारी येऊ शकते असं न्यायालयाने सांगितलं. हे दोन्ही निकाल वाचून मी नेहमी एकाच ठिकाणी येतो : मालकीच्या वादात न शिरता, नोंदणीच्या नियमांनी तुम्हाला आज काय दिलंय ते पाहावं. ते बरंच काही देतात.

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या सर्वसाधारण डोमेनसाठी प्रत्येक रजिस्ट्रारने आयकॅनशी मान्यता करार केलेला असतो. सध्याचा करार २०१३ चा आहे. त्याच्या जोडीला हस्तांतर धोरण आहे, आणि तुमच्या प्रकरणात खरं बळ त्यात आहे. तुम्ही ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त संकेत) मागितला की रजिस्ट्रारने तो ५ दिवसांच्या आत द्यायचा, किंवा नियंत्रण पॅनेलमधून तुम्हाला स्वतः काढता येईल अशी सोय करायची. हस्तांतर कुलूपाचंही, म्हणजे डोमेन हलू न देणाऱ्या खुणेचंही, तसंच. कुलूप लावलेलं आहे एवढ्यावर हस्तांतर नाकारता येत नाही. ते काढण्याची वाजवी संधी नोंदणीदाराला द्यावी लागते.

हस्तांतर नाकारायची कारणं धोरणात मोजून दिलेली आहेत. फसवणुकीचा पुरावा, नोंदणीदाराच्या ओळखीबद्दल खरोखरचा वाद, नोंदणीदाराने स्वतः घेतलेली हरकत, नोंदणी किंवा आधीचं हस्तांतर होऊन ६० दिवस न होणं, आणि त्या डोमेनच्या मागच्या किंवा चालू मुदतीचे पैसे न भरणं किंवा कार्डाचं पेमेंट उलटवणं. यूडीआरपी या ट्रेडमार्कच्या तंट्यांसाठीच्या आयकॅनच्या प्रक्रियेखाली वाद चालू असेल, सक्षम न्यायालयाचा आदेश असेल, किंवा नोंदणीदार बदलल्यावरचं ६० दिवसांचं कुलूप लागू असेल, तर नाकारावंच लागतं. या यादीत 'ग्राहक आम्हाला नको आहे' हे कारण नाही. 'होस्टिंगचं बिल थकलंय' हेही नाही. पुढच्या मुदतीचं नूतनीकरण शुल्क भरलं नाही म्हणूनही नाकारता येत नाही. होस्टिंगची थकबाकी रजिस्ट्रारने जरूर वसूल करावी, त्यासाठी दावाही लावावा, पण पैसे भरलेलं डोमेन त्यासाठी ओलीस धरता येत नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहितो कारण छोट्या संस्था इथेच घाबरतात. 'आधी सगळी बाकी भरा, मग कोड देऊ' असा ईमेल आला की त्या गुपचूप पैसे भरतात.

पैशांचा प्रश्न याच धोरणात सुटतो. तुमची शिल्लक ३ वर्षं डोमेनबरोबर नव्या रजिस्ट्रारकडे जातात. ती जुन्या रजिस्ट्रारच्या वहीत नसून रजिस्ट्रीत, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या डोमेनची मूळ यादी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेली असतात. हस्तांतराचे पैसे भरताना साधारणपणे आणखी १ वर्ष त्यात मिळतं. एकूण मुदत १० वर्षांच्या पुढे मात्र जाऊ शकत नाही. म्हणजे डोमेनच्या बाबतीत परतावा मागण्यासारखं फारसं उरतच नाही. होस्टिंग, ईमेल, वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र या सेवांचा उरलेला काळ मात्र वाया जातो. त्याचा परतावा देण्याची सक्ती आयकॅन करत नाही, करार आणि स्थानिक कायदा काय म्हणतो त्यावर ते अवलंबून आहे. लेखी मागणी जरूर करा. ग्राहकाची काही चूक नसताना सेवा थांबवणाऱ्या रजिस्ट्रारने न वापरलेल्या काळाचे पैसे न मागता परत करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुदत संपल्यावर नूतनीकरण करून लगेच हस्तांतर करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : संपल्यानंतरच्या ४५ दिवसांच्या सवलत काळात हलवलं तर ते नूतनीकरणाचं वर्ष जाऊ शकतं.

आता १४ दिवस पुरेसे आहेत का? किती दिवसांची नोटीस द्यायची हे आयकॅनच्या करारात लिहिलेलंच नाही. इथे खरी पोकळी आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती पुन्हा पुन्हा समोर आली. ऑगस्ट २०१७ मध्ये गोडॅडी या रजिस्ट्रारने डेली स्टॉर्मर या नव-नाझी साइटला डोमेन हलवायला २४ तास दिले. ती गूगलकडे गेली, गूगलनेही तात्काळ सेवा नाकारली आणि डोमेन होल्डवर टाकलं, म्हणजे ते नाव चालेनासं केलं. त्या मजकुराचा तिरस्कार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेही त्या वेळी कार्यपद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये गॅब या साइटलाही गोडॅडीकडून २४ तासच मिळाले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी नेमचीप या रजिस्ट्रारने युद्धाचं कारण देऊन रशियातल्या ग्राहकांना दुसरीकडे जायला सांगितलं. सुरुवातीची मुदत जेमतेम आठवडाभराची होती, आणि त्या ग्राहकांत युद्धाला विरोध करणारेही होते.

या प्रकरणांत कोण बरोबर होतं हा वाद मी इथे घालत नाही. मला खटकतात ते दिवस. कोड द्यायला नियमाने ५ दिवस. हस्तांतराची विनंती गेल्यावर जुना रजिस्ट्रार गप्प बसला तर ती ५ दिवसांनी आपोआप पूर्ण होते. म्हणजे सगळं सुरळीत चाललं, ग्राहकाने पहिल्याच दिवशी ईमेल वाचला, नवा रजिस्ट्रार तयार ठेवला, तरी नियमांनुसारच १० दिवस जाऊ शकतात. जी प्रक्रिया १० दिवस घेऊ शकते तिच्यासाठी २४ तास देणारी नोटीस ग्राहकाला अशक्य काम सांगते. तुमचे १४ दिवस या हिशोबात कसेबसे बसतात, फक्त ४ दिवस हाताशी राहतात. गैरवापर नसलेल्या प्रकरणात किमान ३० दिवस द्यावेत, हे मी सहकाऱ्यांना सतत सांगत आलो आहे. ज्या कार्यालयात दोनच माणसं काम करतात आणि त्यातला एक रजेवर आहे, तिथे ईमेल वाचला जायलाच आठवडा जातो.

रजिस्ट्रारलाच तुम्ही गेलेले हवे आहात, याचा फायदा घ्या. कोड लगेच मागा आणि हस्तांतराची विनंती आली की ५ दिवस न थांबता मंजूर करा असं लेखी कळवा. चांगले रजिस्ट्रार हे तासाभरात करतात. पहिल्या ६० दिवसांच्या अटीवर बोट ठेवलं गेलं तर सांगा की ती अट लावता येते, लावायलाच हवी असं नाही. 'सेवा तुम्हीच थांबवताय, तर ती अट सोडून द्या,' असं म्हणा. आणि या गडबडीत नोंदणीदाराचं नाव, संस्थेचं नाव किंवा नोंदणीदाराचा ईमेल बदलू नका. सध्याच्या नियमांत अशा बदलानंतर ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं आणि मग तुम्ही स्वतःच्या हाताने अडकता. आधी हलवा, मग बदला.

तिसरा प्रश्न सगळ्यात काळजीचा. १५ व्या दिवशी काय होईल? 'खातं बंद' या दोन शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि नोटिशीत यातली कोणती ते लिहिलेलं नसेल तर ताबडतोब विचारा. पहिली : होस्टिंग आणि ईमेल बंद, डोमेन चालू. दुसरी : रजिस्ट्रारचे नेमसर्व्हर (तुमचं नाव कुठे पोचवायचं ते सांगणारे सर्व्हर) तुमची नोंद काढून टाकतात, डोमेन नोंदलेलं राहतं पण कुठेच पोचत नाही. तिसरी : डोमेनवर क्लायंट होल्ड. ही स्थिती लावली की रजिस्ट्री ते नाव डीएनएसमधून, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतून, काढते. वेबसाइट आणि ईमेल दोन्ही बंद पडतात, पण नोंदणी तुमचीच राहते. होल्ड असतानाही हस्तांतर होऊ शकतं, फक्त हस्तांतर मनाईची वेगळी खूण काढलेली असली पाहिजे. चौथी, आणि एकमेव कायमची : डोमेन रद्द करणं. रद्द केल्यावरही बहुतेक सर्वसाधारण डोमेनमध्ये ३० दिवसांचा पुनर्प्राप्ती काळ असतो आणि मग ५ दिवस ते हटवण्याच्या रांगेत असतं. पण पुनर्प्राप्ती त्याच रजिस्ट्रारकडून करावी लागते आणि तिचं शुल्क जबर असतं. ज्याने तुम्हाला काढलं त्याच्याच दारात उभं राहायची वेळ येते.

मुदत शिल्लक असलेलं, पैसे भरलेलं डोमेन केवळ ग्राहक नको म्हणून रद्द करणं मला कधीच समर्थनीय वाटलेलं नाही. ग्राहक हलला नाही तर होल्ड लावा, कुलूप उघडं ठेवा, कोड देत राहा, मुदत संपू द्या. रजिस्ट्रारला त्यात रजिस्ट्रीचा नवा खर्च येत नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या सूचना मात्र तेव्हाही पाठवायच्या : साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी, आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत आणखी एक. नकोशा ग्राहकासाठी हा नियम शिथिल होत नाही.

होल्ड लावतानाही एक तपासणी हवी. त्या डोमेनवर कोणाचे नेमसर्व्हर तर चालत नाहीत ना? असतील तर एका होल्डने ज्यांचा काही संबंध नाही अशी डोमेनंही कोसळतात. मान्यता करारातही, संपलेलं डोमेन ठरल्या वेळी न हटवण्याच्या कारणांत हे कारण मुद्दाम घातलेलं आहे.

गैरवापराची प्रकरणं वेगळी, आणि तिथे मी ग्राहकाच्या बाजूने बोलणार नाही. ५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार फिशिंग, मालवेअर, बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (लोकांना गुपचूप बनावट साइटवर वळवणं) आणि या चारींची वाहक ठरणारी स्पॅम यांचा ठोस पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारने तत्परतेने योग्य पाऊल उचलणं बंधनकारक आहे. बँकेच्या नावाने पासवर्ड गोळा करणाऱ्या डोमेनला १४ दिवसांची नोटीस देणं म्हणजे १४ दिवस लोकांना लुबाडू देणं. तिथे आधी होल्ड, मग पत्रव्यवहार. पण 'योग्य पाऊल' म्हणजे प्रत्येक वेळी होल्ड असं नाही. एखाद्या शाळेच्या जुन्या साइटमध्ये कोणी घुसून एक फिशिंग पान टाकलं, तर अख्ख्या शाळेचा ईमेल बंद पाडण्याऐवजी होस्टिंग कंपनीला आणि शाळेला कळवून ते पान काढणं हेच बरोबर. ज्याने डोमेन फसवायलाच घेतलं आणि ज्याची साइट फोडली गेली, या दोघांत फरक करायला माणूस लागतो, वेळ लागतो. रजिस्ट्रार तो वेळ देत नसेल तर त्याचं नियमपालन कागदावरच आहे.

चुकीच्या संपर्क माहितीमुळेही डोमेन जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुद्दाम खोटी माहिती देणं, बदललेली माहिती ७ दिवसांत अद्ययावत न करणं, किंवा माहितीच्या अचूकतेबद्दल रजिस्ट्रारने विचारल्यावर १५ दिवस उत्तर न देणं, हे सगळं कराराचा भंग ठरतं आणि त्यावर होल्ड किंवा रद्द करणं हा रजिस्ट्रारचा अधिकार आहे. तुमच्या नोटिशीतला तो कलम क्रमांक याच प्रकारचा आहे का, ते आधी पाहा. असेल तर एका उत्तरात प्रकरण मिटू शकतं. पडताळणीचा एखादा जुना ईमेल कोणाच्या तरी बंद खात्यात पडून राहिलेला असतो.

पोलीस किंवा सरकारी खात्याचं पत्र आलं म्हणून सेवा बंद झाली असेल तर पत्र आणि न्यायालयाचा आदेश यांत फरक करा. २०१३ साली लंडन शहर पोलिसांनी काही रजिस्ट्रारना डोमेन बंद करायला पत्रं लिहिली. ईझीडीएनएस या कॅनडातल्या रजिस्ट्रारने नकार दिला. पुढे दुसऱ्या एका रजिस्ट्रारकडून त्यांच्याकडे येऊ पाहणारी डोमेनं अडवली गेली तेव्हा त्यांनी हस्तांतर तंटा दाखल केला आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला : पोलिसांची विनंती म्हणजे न्यायालयाचा आदेश नाही, तिच्या आधारे हस्तांतर रोखता येत नाही. आदेश खरोखर असेल तर रजिस्ट्रारला तो पाळावाच लागतो. फेब्रुवारी २००८ मध्ये एका बँकेच्या दाव्यात कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी डायनाडॉट या रजिस्ट्रारला विकिलीक्स डॉट ऑर्ग बंद करून कुलूप लावायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ते केलं. महिना संपायच्या आत न्यायाधीशांनीच तो आदेश मागे घेतला. आदेशाची प्रत मागणं हा तुमचा पहिला हक्काचा प्रश्न असू द्या.

देशांच्या डोमेनना यातलं बरंच लागू होत नाही. तिथे त्या त्या रजिस्ट्रीचे नियम चालतात आणि पात्रतेची अट गेली तर नावही जाऊ शकतं. ब्रेक्झिटनंतर युनायटेड किंग्डममधल्या अपात्र ठरलेल्या धारकांची डॉट ईयू डोमेनं १ जानेवारी २०२१ पासून निलंबित झाली, ती याच कारणाने.

तुमचं खातं रजिस्ट्रारकडे आहे की पुनर्विक्रेत्याकडे (रजिस्ट्रारमार्फत डोमेन विकणाऱ्या मध्यस्थाकडे), हेही तपासा. नोटीस पाठवणारा बहुतेकदा पुनर्विक्रेता असतो. आयकॅनच्या शोध पानावर डोमेन टाकलं की खरा रजिस्ट्रार दिसतो, आणि विचारल्यास पुनर्विक्रेत्याने त्याचं नाव सांगायलाच हवं. त्याने सेवा थांबवली तरी रजिस्ट्रारची तुमच्याबद्दलची बंधनं कायम राहतात. पुनर्विक्रेत्याने रजिस्ट्रारचे पैसे थकवले असतील, पण तुम्ही भरले असतील, तर त्या कारणाने तुमचं हस्तांतर अडवता येत नाही. रजिस्ट्रार स्वतःच बुडाला तर काय, याचं उत्तर २००७ च्या रजिस्टरफ्लाय प्रकरणाने दिलं. आयकॅनने त्याची मान्यता काढली आणि ग्राहकांची डोमेनं शेवटी गोडॅडीकडे सोपवली गेली. त्यानंतर रजिस्ट्रारनी नोंदणीची माहिती त्रयस्थाकडे नियमित जमा ठेवण्याच्या योजनेला गती मिळाली.

आता कामाचा क्रम, कारण क्रम चुकला की नुकसान होतं. हस्तांतराने फक्त नोंदणी हलते. डीएनएसच्या नोंदी हलत नाहीत, मेलबॉक्स तर अजिबात नाहीत. म्हणून आजच सगळ्या डीएनएस नोंदी उतरवून घ्या, विशेषतः ईमेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी, ज्या नंतर कोणालाच आठवत नाहीत. ईमेलची पूर्ण प्रत काढा. रजिस्ट्रारच्या खात्याचा संपर्क ईमेल याच डोमेनवरचा असेल तर होल्ड लागताक्षणी तुम्हाला काहीच पोचणार नाही, तेव्हा खात्याचा लॉगिन ईमेल दुसरा द्या; पण नोंदणीदाराचा ईमेल न बदलण्याबद्दल वर सांगितलंय ते विसरू नका, हे दोन वेगळे रकाने आहेत. डीएनएस दुसऱ्या सेवेवर आधी उभं करा, नेमसर्व्हर बदला, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग हस्तांतर सुरू करा. डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे डिजिटल सहीने पडताळणारी सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याच्या आधी रजिस्ट्रीतली तिची डीएस नोंद काढून टाका आणि तिचा प्रभाव संपेपर्यंत थांबा. ती जुनी नोंद मागे राहिली तर साइट काही लोकांना दिसते, काहींना दिसत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

पहिल्याच दिवशी रजिस्ट्रारला एक पत्र लिहा. त्यात कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या घटनेमुळे सेवा थांबवत आहात, शेवटच्या दिवसानंतर डोमेनची स्थिती काय असेल, हस्तांतर कुलूप उघडं राहील ना, आणि इतर सेवांचा परतावा किती, एवढंच विचारा. वाद घालू नका, संताप व्यक्त करू नका. हे पत्र पुढे पुरावा म्हणून वाचलं जाणार आहे. ऑथ कोडची मागणी त्याच पत्रात तारखेसह करा. ५ दिवस पूर्ण होऊन कोड आला नाही, तर सहाव्या दिवशी आयकॅनच्या नियमपालन विभागाकडे हस्तांतराची तक्रार दाखल करा. तुम्हाला का काढलं, यावर तो विभाग काही करणार नाही. कोड का दिला नाही, यावर मात्र रजिस्ट्रारला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं नाही तर प्रकरण भंगाच्या नोटिशीपर्यंत जातं. तक्रारीला तुमची तारखेची मागणी, त्यांचा आलेला किंवा न आलेला प्रतिसाद आणि डोमेनच्या सध्याच्या स्थितीची छायाप्रत जोडा.